इंडिया, कडू, साडेसहा टक्के

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला एकाने विचारलं, "एकवीस पूर्ण झालीत ना?" आणि नुसतं विचारून तो थांबला नाही, पुरावाही मागितला.

विचारणारा पोरगा तिशीच्या आतला. दाढी मात्र वसिष्ठ ऋषींची आणि दोन्ही हातांवर मनगटापर्यंत गोंदण. स्थळ अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातलं पोर्टलंड गाव आणि तिथलं एक जुनं गोदाम. गोदामाच्या मागच्या अर्ध्या भागात बीअर करतात आणि पुढच्या अर्ध्या भागात ती चाखायला देतात. मी पासपोर्ट काढून दिला. त्याने जन्मतारीख वाचली, फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. बीअर प्यायला हा मनुष्य पुरेसा पिकला आहे अशी त्याची खात्री झाल्यावर आम्हाला आत सोडण्यात आलं.

आम्हाला म्हणजे मला आणि जावईबापूंना. ही आणि मुलगी खरेदीला गेल्या होत्या. आमच्या घराण्यात जावयाने सासऱ्याला बीअर प्यायला नेण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यामुळे जावईबापू माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. "बाबा, इथे पितबीत नाहीत हो. नुसती चव बघायची," असं त्यांनी मोटारीत तीनदा सांगितलं. मी त्यांना धीर दिला. पण खरं सांगायचं तर पासपोर्ट खिशात परत ठेवताना माझा हात जरा थरथरला होता. वयामुळे नव्हे. अण्णांमुळे.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, दारूबंदी खात्यात कारकून होते. ठाण्याला. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि ज्या सरकारी टेबलांवर आतापर्यंत दारूचा कर मोजला जायचा, त्याच टेबलांवर आता दारूचे गुन्हे मोजले जाऊ लागले. टेबलं तीच, कारकून तेच. अण्णा आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत, पण दारूचं जेवढं ज्ञान त्यांना होतं तेवढं एखाद्या पट्टीच्या पिणाऱ्यालाही नसेल. त्या काळी प्यायची तर परवाना लागे, आणि परवान्याला डॉक्टरचा दाखला लागे की, या इसमाच्या प्रकृतीला मद्य आवश्यक आहे. अण्णा म्हणत, "धडधाकट माणसं बघायची तर रस्त्यावर बघावीत. आमच्या फायलीत सगळे मरायला टेकलेले." तो कायदा आजही रद्द झालेला नाही बरं का. परवान्याचं कलमही त्यात आहे. फक्त ते आता कुणाला आठवत नाही, इतकंच.

तर सांगायचा मुद्दा, आमच्या घरात 'बीअर' हा शब्द म्हणजे शिवी होती. लहानपणी एकदा मी भूगोलाच्या पुस्तकात 'बेरिंगची सामुद्रधुनी' हे मोठ्याने वाचलं तेव्हा अण्णांनी वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे पाहिलं होतं.

आत शिरल्यावर प्रथम आला तो वास. जवाला मोड आणायचे, ते भाजायचे, भरडून गरम पाण्यात मुरवायचे, त्या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं उकळायची आणि मग यीस्ट घालून ते आंबवायचं, ही बीअरची सगळी कृती. मटकीला मोड आणणाऱ्या आणि इडलीचं पीठ आंबवणाऱ्या माणसाला त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वास थेट आजारी माणसासाठी खिमट शिजत घातल्यासारखा. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

दाढीवाल्याने विचारलं, "फ्लाइट घेणार?" मी म्हटलं, "आमची एकोणतीस तारखेची आहे." जावईबापूंनी घाईघाईने खुलासा केला. लाकडाच्या फळीवर चार इवलेसे ग्लास मांडून चार तऱ्हा देतात, त्या फळीला फ्लाइट म्हणतात. फळी आली. आमच्याकडे श्रावणी शुक्रवारी सवाष्णीला वाढतात तितक्या नेमाने ग्लास मांडलेले. पहिला पिवळा, दुसरा ढगाळ, चौथा काळाकुट्ट. तिसरा तांबूस सोनेरी. मी भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. खडूने तिसऱ्यासमोर लिहिलं होतं: इंडिया पेल एल, साडेसहा टक्के.

परदेशात 'इंडिया' हा शब्द कुठेही दिसला तरी आपण चपला न घालता धावत जातो. मी उचलला ग्लास. वास पपनसाचा. सुंदर. आणि घोट! गूळ घालायला विसरलेल्या कारल्याच्या भाजीचा रस्सा. मी डोळे मिटून गिळला. जावईबापूंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"यात इंडियाचं काय आहे?" मी विचारलं.

दाढीवाला याच प्रश्नाची वाट बघत असावा. टेबलावर दोन्ही कोपरं टेकून तो आख्यान लावल्यासारखा सुरू झाला. फार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातले गोरे सोजीर तहानेने व्याकूळ झाले होते. इंग्लंडहून पाठवलेली बीअर सहा महिन्यांच्या प्रवासात नासून जायची. तेव्हा हॉजसन नावाच्या एका हुशार इंग्रजाने भरपूर हॉप्स घालून एक मुद्दाम जालीम बीअर शोधून काढली, ती प्रवासात टिकली आणि तिचं नाव पडलं इंडिया पेल एल.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. ज्या गोष्टीत एक हुशार मनुष्य, एक अडचण आणि एक शोध इतक्या व्यवस्थित बसतात, ती गोष्ट खोटी असते हे मला चेहऱ्यावरून कळतं. पण पुरावा हवा. मुलीच्या घराजवळ सार्वजनिक वाचनालय होतं आणि परतीच्या विमानाला अजून तीन आठवडे होते. अमेरिकेत सासऱ्याने दुपारी करायचं काय, हा सगळ्याच मराठी कुटुंबांपुढचा प्रश्न असतो. आमच्या घरापुरता तो सुटला. मी बीअर वाचू लागलो.

मार्टिन कॉर्नेल नावाच्या एका इंग्रज बीअर-इतिहासकाराने जुनी वर्तमानपत्रं आणि जाहिराती उपसून या आख्यानाची पार सालपटं काढली आहेत. हॉजसन खरा. जॉर्ज हॉजसन, लंडनच्या पूर्वेला बो या वस्तीत १७५२ साली त्याने भट्टी घातली. पण त्याने शोध असा काही लावला नाही. फिकट रंगाची, मुरवायची बीअर इंग्लंडातले जमीनदार आधीपासून करून घेत होते. उष्ण मुलखात पाठवायची तर हॉप्स जास्त घाला, हा सल्लाही हॉजसनचा नव्हे, तो त्या धंद्यात सर्वतोमुखी होता. जालीम म्हणाल तर त्या काळच्या मानाने ती बेताचीच. आणि नासून जायची म्हणाल, तर पोर्टर नावाची काळी बीअरही इकडे येत होती आणि धड येत होती. सोजीर पीत होते ते पोर्टर. फिकट बीअर होती साहेबांच्या टेबलावरची.

मग हॉजसनचंच नाव का झालं? इथे मी वाचनालयात मोठ्याने हसलो आणि शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कारण होतं उधारी!

ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची ब्लॅकवॉलला, आणि हॉजसनची भट्टी तिथून ली नदीच्या पाण्याने जेमतेम कोस-दीड कोस वर. कंपनीचा माल कंपनीचा, पण जहाजावर कप्तानाला स्वतःचा खाजगी व्यापार करायला जागा मिळे. तो हॅम न्यायचा, चीज न्यायचा, काचसामान, टोप्या, बीअर, जे मिळेल ते. जाताना जहाजं अर्धी रिकामी असत, कारण आपल्या लोकांना विलायतेचं काही फारसं नको होतं. त्यामुळे भाडंही कमी. आणि कोपऱ्यावरचा हॉजसन कप्तानाला म्हणायचा, घेऊन जा, पैसे अठरा महिन्यांनी दे! दीड वर्ष उधार! आमच्या वाण्याने एक तारखेनंतर तीन दिवस कधी थांबल्याचं मला आठवत नाही. असल्या दुकानाचं नाव त्रिखंडात होणार नाही तर काय? पिंपं केपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार-सहा महिने हिंदकळत मुंबई-मद्रास-कलकत्त्याला यायची आणि उन्हाने, हिंदकळण्याने आतला माल झकास मुरलेला असायचा. याचं श्रेय भट्टीवाल्याचं नव्हे, समुद्राचं. लोणचं आपण गच्चीत ठेवतो, त्यांनी जहाजात ठेवलं.

इकडे साहेबाच्या घरी ती थंड करायला आबदार नावाचा एक खास नोकर असे. सोरा पाण्यात विरघळवला की पाणी गार पडतं, त्यात तो बाटल्या फिरवत बसे. हाच सोरा बंदुकीच्या दारूसाठी कंपनी बिहारमधून भरभरून विलायतेला नेत होती. म्हणजे जाताना बंदुकीची दारू आणि येताना साहेबाची. मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, यात पूर्वजांची काहीतरी दूरदृष्टी असली पाहिजे. बर्फ नंतर आला. १८३३ साली बॉस्टनहून जहाजात घालून कलकत्त्याला. तिथपासून आबदाराचं महत्त्व संपलं.

हॉजसनच्या वारसांना पुढे यशाची सूज आली. १८२० च्या सुमाराला त्यांनी भाव चढवले आणि 'आज रोख, उद्या उधार'ची पाटी लावली. कप्तान बिथरले, कलकत्त्याचे व्यापारी बिथरले. तेव्हा कंपनीचे एक संचालक, मार्जोरीबँक्स, यांनी बर्टन गावच्या ऑलसॉप नावाच्या भट्टीवाल्याला जेवणावर ही पेठ सुचवली. त्याचं गिऱ्हाईक होता रशिया, आणि रशियाने जकात वाढवून त्याला नुकताच उपाशी बसवला होता. त्याच्याकडचा मुख्य आचारी, म्हणजे बीअर करणारा, जॉब गुडहेड याने पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत करून पाहिला. किटलीची हमी मी घेत नाही. पण बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम आहे आणि त्या पाण्यात ही बीअर हॉजसनपेक्षा सरस उतरली, हे खरं. मागोमाग बास कंपनी आली, आणि हॉजसन मागे पडले.

आणि नाव? 'ईस्ट इंडिया पेल एल' या नावाची कॉर्नेलना सापडलेली सर्वांत जुनी छापील जाहिरात १८२९ सालची आहे. कुठली असेल? मुंबईची नाही, कलकत्त्याची नाही, लंडनचीही नाही. सिडनीची, ऑस्ट्रेलियातली! ज्या मालावर पूर्वी नुसता पत्ता होता, त्या पत्त्याचंच नाव झालं. वसईची केळी म्हणून आपण जी खातो, तीही वसईची असतातच असं कुठे आहे?

इतका सगळा दारूगोळा घेऊन मी पुन्हा त्या गोदामात गेलो. या खेपेला पासपोर्ट मी आधीच हातात धरला होता. जावईबापूंना काही नको होतं, पण मोटार त्यांची. दाढीवाल्यासमोर मी पाऊण तास तास घेतला. मुलगा गुणी. वर्गात असा एक जरी असता तरी मी दोन वर्षं उशिरा निवृत्त झालो असतो. उधारीशी आल्यावर तो खदखदून हसला आणि शेवटी म्हणाला, "बरं, मग इंडियातली माणसं काय पीत होती?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती.

म्हणजे उत्तर येत होतं. ताडी, माडी, आणि आमच्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलात मोहाची. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पहाटे टपटप पडतात. वारली बाया-पोरं ती वेचतात, वाळवतात. खायलाही ती, आणि आंबवून भट्टी लावायलाही ती. जन्माला, लग्नाला, मरणाला आणि देवाला तिचा थेंब लागतो. साहेबाची बीअर इकडे येत होती, त्याच शतकात साहेबाने १८७८ चा अबकारी कायदा आणला. घरच्या भट्ट्या बंद, दारू गाळायची ती मक्तेदाराने. आणि १८९२ साली तर ठाणे नि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांवर कायदा केला. झाड तुमच्या दारात, फूल तुमच्या अंगणात, पण ते गोळा कराल तर गुन्हा. स्वराज्य आलं, साहेब गेला, गुन्हा राहिला. आणि तो लिहून घ्यायला अण्णा होते.

अण्णांनी हे एकदाच सांगितलं. दिवे गेले होते, अंगणात खाट टाकून पडलो होतो, तेव्हा. एरवी ते कचेरीत असत, पण एकदा पंचनामा लिहायला माणूस कमी म्हणून त्यांना छाप्यावर नेलं. जव्हारकडच्या एका पाड्यावर. तीन मडकी सापडली. म्हातारा हात जोडून म्हणाला, "सायेब, ही देवाची हाय. इकायची नाय." फौजदाराने मडक्यांवर काठी घातली. अण्णांनी लिहिलं, 'मडकी, नग तीन, आंबलेला माल अंदाजे'. मग फौजदार म्हणाला, कारकून, फुटलेली लिहा. अण्णांनी वर बारीक अक्षरात लिहिलं, 'फुटलेली'. अंधारात अण्णा म्हणाले, "देवाचं पुढे त्याने काय केलं असेल रे?" नंतर दिवे आले आणि ते उठून आत गेले.

यातलं किती त्या पोराला सांगितलं आणि किती मनात राहिलं, मला आता आठवत नाही. माझं इंग्रजी पंचनाम्याच्या पलीकडे फारसं जात नाही. तो टेबल पुसायचा थांबला होता. मग म्हणाला, दारूबंदी आमच्याकडेही होती. ऑरेगन तर देशाच्या आधी, १९१६ पासूनच कोरडं. १९३३ साली बंदी उठली, पण घरी बीअर करायची मुभा द्यायची राहून गेली. ती मिळाली १९७८ साली, जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना. त्या वेळी सबंध अमेरिकेत शंभरसुद्धा भट्ट्या उरल्या नव्हत्या, आज नऊ हजारांवर आहेत. (शेंगदाणे पिकवणाऱ्या मनुष्याने बीअर मोकळी केली, हे आमच्याकडच्या परमिट रूमवाल्यांना कळलं तर ते गल्ल्यावर कार्टरसाहेबांची तसबीर लावतील.) आणि अभिमानाने त्याने वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे एक पोचे आलेलं पातेलं ठेवलं होतं, खाली दिवा लावून. त्यांच्या मालकांनी पहिली बीअर घरच्या गॅरेजमध्ये त्या पातेल्यात केली होती.

मी त्या पातेल्याकडे बघतच राहिलो. "क्राफ्ट म्हणजे नेमकं काय रे?" मी विचारलं.

"हाताने केलेलं. थोडं थोडं. कारखान्यातलं नाही."

"आणि ब्रुअरी म्हणजे भट्टी."

एकतीस वर्षं नोकरी केल्यावर मला शब्द जोडता येतात. क्राफ्ट ब्रुअरी म्हणजे शुद्ध मराठीत हातभट्टी! एका पातेल्याखाली दिवा लागला, तीन मडक्यांवर काठी पडली, कृती तीच. हे मी जावईबापूंना सांगितलं तर ते हळूच म्हणाले, "बाबा, पण हातभट्टीने माणसं मरतात हो." मरतात. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर मेली. पण ती मिथेनॉलने मेली, मोहाने नव्हे. चोरून करायची वेळ आली की भट्टीत काय मिसळलं हे कोण बघणार? हे मी त्यांना सांगितलं, पण जरा मोठ्या आवाजात सांगितलं गेलं. शेजारच्या टेबलावरचे लोक वळले.

आता पुण्यातही असल्या हातभट्ट्या आहेत. २००९ साली एकीने सुरुवात केली, तिचं नाव डुलॅली. इंग्रजीत 'डुलॅली' म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द गेला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. तिथल्या छावणीत घरच्या जहाजाची वाट बघून बघून सोजिरांची डोकी फिरायची म्हणे. इंडियाची बीअर ऑरेगनात आणि देवळालीचं नाव विलायत फिरून पुण्यात. आपल्याकडचं जे जे तिकडे गेलं ते नावापुरतं गेलं आणि महाग होऊन परत आलं.

उठताना त्या पोराने मला ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती दिली आणि तो शब्द लिहून द्या म्हणाला. मी मागच्या बाजूला ठळक देवनागरीत 'हातभट्टी' लिहिलं. त्याने तीनदा म्हणून पाहिलं, तिन्हीदा वेगळं, आणि ती चकती पातेल्याशेजारी टेकवून ठेवली. माझा इंडिया पेल एलचा ग्लास या खेपेला अर्धा संपला होता. कारलंही दुसऱ्या वेळेला बरं लागतं.

मोटारीत बसल्यावर बराच वेळ जावईबापू काही बोलले नाहीत. घराच्या वळणावर म्हणाले, "बाबा, आईंना काय सांगायचं?"

मी म्हटलं, "सांगा, अण्णांच्या कचेरीत गेलो होतो."

दार हिने उघडलं. दोन पावलं मागे सरून तिने नाक वर केलं. "पपनस खाल्लंत होय?" ती म्हणाली. "मला नाही आणलंत ते?"